धूसर छायाचित्रातले विमान

पहिले यांत्रिक उड्डाण कोणाचे, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला असे समजून आपण वर्गात शिकवतो. १७ डिसेंबर १९०३, किटी हॉक, राइट बंधू. मात्र २०१३ साली 'जेन्स ऑल द वर्ल्ड्स एअरक्राफ्ट' या वार्षिकाचे संपादक पॉल जॅक्सन यांनी प्रस्तावनेत हा मान जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या गुस्ताव व्हाइटहेड यांना देऊन टाकला. १९०९ पासून निघणारे हे वार्षिक विमानांच्या माहितीबाबत प्रमाण मानले जाते, त्यामुळे बातमी जगभर गेली. त्याच वर्षी कनेटिकट राज्याने व्हाइटहेड यांच्या बाजूने कायदाही केला. या वादात एका छायाचित्राचा मोठा गाजावाजा झाला. त्या छायाचित्रातले विमान ज्या रीतीने 'ओळखले' गेले, तिची तपासणी करण्याचा आमचा विचार आहे.

दावा असा. १४ ऑगस्ट १९०१ रोजी पहाटे व्हाइटहेड यांनी कनेटिकटमध्ये आपले २१ क्रमांकाचे विमान सुमारे अर्धा मैल उडवले. चार दिवसांनी 'ब्रिजपोर्ट हेरल्ड'मध्ये त्याची हकीकत छापून आली, सोबत हाताने काढलेले चित्र होते. विमान खरोखर बांधलेले होते याविषयी शंका नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या त्या यंत्राची स्वच्छ छायाचित्रे उपलब्ध आहेत. वटवाघळासारखे पंख, होडीसारखे धड, पुढे दोन पंखे, खाली चाके, हे सारे त्यांत दिसते. उड्डाणाचे छायाचित्र मात्र सापडत नव्हते.

ते होते असा पुरावा समर्थक देत. जानेवारी १९०६ मध्ये न्यूयॉर्क येथे एरो क्लब ऑफ अमेरिकेचे प्रदर्शन भरले. 'सायंटिफिक अमेरिकन'ने त्याच्या वृत्तात व्हाइटहेड यांच्या १९०१ सालच्या, पक्ष्यासारख्या, दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या यंत्राच्या एका धूसर छायाचित्राचा उल्लेख केला होता. लँगली यांच्या यंत्रांखेरीज, उडत असलेल्या यांत्रिक विमानाचे तेवढे एकच छायाचित्र तेथे असल्याचे वृत्तात म्हटले होते. जॉन ब्राऊन या संशोधकांना त्या प्रदर्शनाच्या दालनाचे एक जुने छायाचित्र मिळाले. त्यात भिंतीवर अनेक चौकटी लावलेल्या दिसतात. त्यांतील एक चौकट त्यांनी कित्येक पटींनी मोठी केली आणि त्या डागात त्यांना उडणारे २१ क्रमांकाचे विमान दिसले.

प्रथम त्या वृत्ताकडेच पाहू. लँगली यांची जी यंत्रे १८९६ साली यशस्वीपणे उडाली ती माणूस नसलेली प्रतिरूपे होती. म्हणजे वार्ताहराच्या मते 'उडणारे यांत्रिक विमान' या वर्णनात बिनमाणसाचे यंत्रही बसत होते. शिवाय १९०१ च्या हकीकतीत इंजिन ॲसिटिलीनवर चालणारे आहे, येथे दाबलेली हवा आहे. छायाचित्र हाती येण्याआधीच त्याच्या वर्णनात दोन भेगा होत्या. त्या तपासल्या असत्या तर पुढचा बराचसा खटाटोप वाचला असता.

आता मोठे करण्याविषयी. छायाचित्राचा तपशील फिल्मवरच्या चांदीच्या कणांत आणि भिंगाच्या क्षमतेत अडकलेला असतो. समजा, दालनाच्या छायाचित्रात भिंतीवरच्या चौकटीतले विमान एक मिलिमीटर रुंदीचे उमटले आहे, आणि तेथे दर मिलिमीटरला वीस रेषा वेगळ्या ओळखता येतात. व्हाइटहेड यांच्या विमानाच्या पंखांची लांबी छत्तीस फूट, म्हणजे सुमारे अकरा मीटर. तिचे वीस भाग केले तर एकेक भाग पंचावन्न सेंटिमीटरचा. माणसाचे डोके, पंख ताणून धरणाऱ्या तारा, चाकाची आरी, सगळे त्याहून लहान. आमचे आकडे कल्पित आहेत, पण हिशेबाची रीत हीच. चित्र शंभर पट मोठे केले तरी तेच वीस डाग मोठे होतात, एकविसावा मिळत नाही. त्यातून हे छायाचित्राचे छायाचित्र, आणि मूळ चित्रच धूसर असल्याचे वृत्तात नोंदलेले!

दुसऱ्या महायुद्धात विमाने ओळखायला शिकवताना पंख, इंजिन, धड आणि शेपटी या क्रमाने पाहण्याचा परिपाठ होता. ही पद्धत चांगली आहे, पण ती कशाच्या जोरावर चालते हे ध्यानात घ्यावे लागते. 'स्पिटफायर' जातीची वीस हजारांहून अधिक विमाने बनली. त्यांची हवी तेवढी छायाचित्रे तुलनेला मिळतात. ज्या विमानाची एकच प्रत बनली त्याच्या बाबतीत तुलनेला दोनचार छायाचित्रे असतात आणि उरलेली जागा आपली इच्छा भरून काढते. म्हणून दुर्मिळ विमान ओळखताना साम्ये मोजून भागत नाही. न जुळणारी एक गोष्ट दहा साम्यांना भारी पडते. आणखी एक पथ्य असे की त्या काळातली इतर कोणती यंत्रे या डागात बसू शकतील, त्यांची यादी आधी करायची. ब्राऊन यांच्या मांडणीत आम्हांला मोठी उणीव वाटते ती हीच. दुसऱ्या उमेदवारांना त्यांनी दाराबाहेर उभे ठेवले.

ते काम विमान-इतिहासाचे अभ्यासक कॅरल ग्रे यांनी केले. भिंतीवरचे चित्र मोठे करत बसण्याऐवजी तेच चित्र दुसरीकडे कोठे छापले गेले आहे काय, याचा त्यांनी शोध घेतला. त्यांनी दाखवले की हे यंत्र म्हणजे कॅलिफोर्नियातील जॉन माँटगोमेरी यांचे 'द कॅलिफोर्निया' नावाचे ग्लायडर होय. छायाचित्र १९०५ सालचे, आणि ग्लायडर उडत नसून लोकांना पाहण्यासाठी टांगून ठेवलेले. माँटगोमेरी यांच्या ग्लायडरला एकामागे एक अशा पंखांच्या दोन जोड्या असत आणि इंजिन नसे. स्वच्छ प्रत समोर असती तर शाळकरी मुलानेही दोन्ही यंत्रे वेगळी ओळखली असती.

अशाच चुकीचे आणखी एक उदाहरण अलीकडचे आहे. अमेलिया एअरहार्ट २ जुलै १९३७ रोजी पॅसिफिक महासागरावर आपल्या 'लॉकहीड इलेक्ट्रा' विमानासह नाहीशा झाल्या. २०१७ साली एका दूरदर्शन माहितीपटात मार्शल बेटांतील जालुइट धक्क्याचे छायाचित्र दाखवून, धक्क्यावर बसलेली व्यक्ती अमेलिया आणि तराफ्यावरची वस्तू त्यांचे विमान, असे सांगण्यात आले. वस्तूची लांबी मोजली, चेहऱ्यांची तुलना केली. जपानमधील एका अभ्यासकाने काही दिवसांतच तेच छायाचित्र १९३५ साली छापलेल्या एका जपानी प्रवासपुस्तकात दाखवून दिले. मोजमापांची पुढे चर्चा करण्याचे कारणच उरले नाही.

जॅक्सन यांच्यावर अन्याय नको. त्यांचा निर्णय केवळ या एका चित्रावर उभा नव्हता. वर्तमानपत्रांतील वृत्ते आणि साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रेही त्यांच्यापुढे होती. ब्राऊन यांनी जुनी कात्रणे अपार कष्टाने जमवली, हेही मान्य केले पाहिजे. व्हाइटहेड यांच्या समर्थकांचा एक आक्षेप तर आम्हांला रास्त वाटतो. राइट बंधूंचे विमान मिळवताना स्मिथसोनियन संस्थेने १९४८ साली केलेल्या करारानुसार, आधीच्या कोणत्याही विमानाला माणसासह उडण्याचे श्रेय दिल्यास राइटांचे विमान वारसांकडे परत जाऊ शकते. इतिहासाच्या संग्रहालयाने अशी अट मान्य करणे शोभत नाही. पण करार वाईट असला म्हणून भिंतीवरचा डाग स्पष्ट होत नाही.

त्या डागाशेजारी किटी हॉकचे छायाचित्र ठेवून पाहावे. कॅमेरा ऑर्व्हिल यांनी रोखून ठेवला होता, कळ जॉन डॅनियल्स यांनी दाबली. काचेची निगेटिव्ह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. चित्रात पळता रूळ आहे, रूळ सोडून वर आलेले दुपंखी यंत्र आहे, पंखावर पालथे पडलेले ऑर्व्हिल आणि उजवीकडे उभे विल्बर आहेत. ऑर्व्हिल यांची त्या दिवशीची दैनंदिनी चित्राशी ताडून पाहता येते.

आपल्याकडे शिवकर बापूजी तळपदे यांच्या 'मरुत्सखा'विषयी मुलांकडून हमखास प्रश्न येतो. १८९५ साली मुंबईच्या चौपाटीवर ते उडाले असे सांगितले जाते. त्या उड्डाणाचे अस्सल छायाचित्र उपलब्ध नाही. 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथासोबत येणारी विमानांची चित्रे १९२३ साली बंगळूरच्या एका आरेखकाने काढलेली आहेत, आणि भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली ती तपासून अशी याने उडू शकत नाहीत असा निष्कर्ष काढला. एखाद्या विद्यार्थ्याने 'मरुत्सखा'चे म्हणून एखादे चित्र वर्गात आणले तर ते फेटाळू नये. फळ्यावर त्याच्याकडूनच लिहून घ्यावे: चित्र प्रथम कोठे छापले गेले, कोणत्या साली, आणि चित्रातले यंत्र दुसरे कोणते असू शकेल.