घरचे गाऱ्हाणे आणि दलित स्वकथन

'घरातली भांडणे चव्हाट्यावर आणू नयेत' हा उपदेश दलित स्वकथनांना पहिल्यापासून ऐकावा लागला. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले तेव्हा पांढरपेशा वाचक हादरला; पण आपल्यातलाच नव्याने शिकलेला, नोकरीला लागलेला वर्गही अस्वस्थ झाला. बापाची दारू, आईचे हाल, वस्तीतली भांडणे जगाला कशाला दाखवायची, असा त्याचा सवाल होता. तो सवाल अजून मिटलेला नाही. वयात आलेला, स्वतःच्या पायावर उभा राहिलेला मुलगा किंवा मुलगी घरच्या जाचाबद्दल लिहू लागली की आजही 'समाजाची बदनामी' हाच आरोप होतो. म्हणून या आरोपाची एकदा नीट तपासणी व्हायला हवी.

घर आणि चव्हाटा यांच्यामध्ये आधी भिंत असावी लागते. महारवाड्याला ती भिंत कधी होती? येसकराची पाळी असली की माणसाला कोणत्याही वेळी हाक मारून बाहेर काढता येत होते. पाटलाला आणि पोलिसाला आमचा उंबरठा कधी अडवू शकला नाही. ज्यांचे घर गावाने कायम उघडे ठेवले, त्यांनीच आता घरची अब्रू झाकावी, हा कुठला न्याय? शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) या प्रश्नाला सरळ भिडते. लेकाने आईच्या, मासामाईच्या आयुष्याची कथा उघड सांगितली. त्याची चीड खोटी नाही. पण आईला जाब विचारता विचारता तो जाब पाटलाच्या वाड्यापर्यंत जाऊन पोहोचतो. घरच्या माणसावरचा राग घरापाशीच थांबला तर ती कुरकुर राहते. तो राग आपले मूळ शोधत निघाला की त्याचे साहित्य होते.

परंतु एवढ्यावर भागत नाही. मूळ सांगितले म्हणजे माणूस सुटला, असे नव्हे. दारिद्र्याने आणि जातीने बापाला पिचवले हे खरे. पण त्याचा हात आईवरच का उठला, याचे उत्तर केवळ गावाकडे मागता येणार नाही. शिवाय गाऱ्हाणे मांडणाऱ्याने स्वतःलाही पिंजऱ्यात उभे करावे लागते. 'बलुतं'चे मोठेपण इथे आहे. दगडू आणि दया पवार ही एकाच माणसाची दोन रूपे लेखकाने समोरासमोर आणली. बापाच्या व्यसनाचा हिशेब मांडणारा हा लेखक, आपण पहिल्या बायकोवर संशय घेतला आणि तिचा संसार मोडला, हेही लपवत नाही. आज अनेक लेखनांत सारे घर दोषी आणि लिहिणारा तेवढा निर्दोष, असे चित्र दिसते. अशा लेखनाने मन हलके होईल. त्यातून प्रबोधन होणार नाही.

आता खरी कसोटी. पुरुषांनी घरचे दुःख उघड केले तेव्हा त्याला आपण विद्रोह म्हटले. बाईने तेच केले असते तर? बेबीताई कांबळे यांनी आपले लिखाण जवळजवळ वीस वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले. 'जिणं आमुचं' १९८२ साली 'स्त्री' मासिकातून आले आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने निघाले. सुनांच्या पायांत घातलेला खोडा, सासवांचा छळ, घरात डांबून ठेवलेली स्वतःची आई, हे सारे त्यांनी निर्भयपणे लिहिले. नवऱ्याचा संशय आणि त्याने केलेली मारहाण मात्र पुस्तकात आली नाही. ती त्यांनी नंतर माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितली. ही सगळ्या समाजाची कथा आहे, आपल्या एकटीची नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

या मौनाला त्याग म्हणून हार घालणे मला मान्य नाही. समाजाची कथा सांगताना बाईने स्वतःच्या पाठीवरचे वळ वगळावेत, असे तिला वाटावे, यात तिचा दोष नाही. तो आपल्या चळवळीचा दोष आहे. गावाने घेतला तसाच मार घरातही बसत असेल, तर एक वेदना समाजाची आणि दुसरी खाजगी, ही वाटणी कोणी केली? १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, पत्नीने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, बरोबरीने उभे राहावे, त्याची दासी होऊ नये. ते सभेत आपण ऐकले. उंबरठ्याच्या आत किती नेले?

ऊर्मिला पवार यांच्या 'आयदान'ने (२००३) ही वाटणी मोडली. आयदाने विणून लेकरे वाढवणारी आई आणि लिहिणारी, सभांना जाणारी लेक, दोघींचे कष्ट एकाच विणीत आले. बायकोच्या शिक्षणाने नवऱ्याच्या मनात बसलेली अढीही तिथे आडपडदा न ठेवता आली. यात समाजाची बदनामी कुठे झाली? आरशात डाग दिसला म्हणून आरसा मळका ठरत नाही.

म्हणून नव्याने लिहिणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगायचे आहे : घरचे गाऱ्हाणे जरूर लिहा. त्याचे मूळ शोधा, पण त्या मुळाच्या नावाखाली कोणाला माफी देऊ नका, स्वतःलाही नाही. आणि शिक्षक, कार्यकर्ते म्हणून आपण त्यांना गप्प बसवण्याआधी पाहावे, की त्यांच्या गप्प बसण्याने नेमकी कोणाची अब्रू राखली जाणार आहे. ती मारणाऱ्याची असेल, तर ती राखण्याचे काम आपले नव्हे.