आधी पंख, मग परीक्षा

बारावीनंतर वैमानिक व्हायचे ठरले की घरात पुस्तकांची चवड येऊन पडते. एअर नेव्हिगेशन, एव्हिएशन मेटिऑरॉलॉजी, एअर रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) कमर्शियल पायलट लायसन्ससाठी या परीक्षा द्याव्या लागतात आणि प्रत्येक विषयात उत्तीर्ण व्हायला ७० टक्के गुण लागतात. त्यामुळे चवडीत सर्वांत वर प्रश्नसंच असतो. बारामती, गोंदिया किंवा धुळ्याला उड्डाणाचे धडे सुरू होण्याआधीच अनेकांचे हजारो प्रश्न सोडवून झालेले असतात. या चवडीत जे पुस्तक सहसा दिसत नाही, पण माझ्या मते जे सर्वांत आधी वाचायला हवे, ते म्हणजे वोल्फगांग लांगेविशे यांचे ‘स्टिक अँड रडर’. अमेरिकेत १९४४ साली ते प्रसिद्ध झाले. कोणत्याही परीक्षेचा अभ्यासक्रम त्यात नाही, समीकरणे जवळजवळ नाहीत. तरीही उडायला शिकणाऱ्याच्या मनाची मशागत इतक्या कसोशीने करणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही.

लांगेविशे जर्मनीत जन्मले आणि तरुणपणी अमेरिकेत गेले. तिथे ते उडायला शिकले, त्या शिकण्यावर त्यांनी १९३९ साली एक आत्मकथनपर पुस्तक लिहिले, आणि पुढे चाचणी वैमानिक म्हणूनही काम केले. ‘स्टिक अँड रडर’चे सारे वैशिष्ट्य या क्रमात आहे. आधी शिकणारा, मग लिहिणारा. म्हणून या पुस्तकातले विमान अभियंत्याच्या टेबलावरून दिसत नाही, चालकाच्या आसनावरून दिसते. लेखक वाचकाशी थेट बोलतो. वाक्ये छोटी, बोलण्यातली. तुझा हात आता काय करू पाहील, तुझ्या डोळ्यांना काय भासेल, आणि प्रत्यक्षात काय घडत असेल, हे तो पुन्हा पुन्हा समोरासमोर मांडतो.

सुरुवातच धीट आहे. लेखक वाचकाला कॉकपिटमध्ये नेत नाही, पंखापाशी नेतो. पंख हवेला खाली ढकलतो, म्हणून विमान वर राहते, एवढे तो सांगतो आणि बर्नुलीचा सिद्धान्त तूर्त बाजूला ठेवायला सुचवतो. भौतिकशास्त्र शिकून आलेल्या विद्यार्थ्याला हे खटकेल. बर्नुलीचा सिद्धान्त अर्थातच खोटा नाही. चुकीची आहे ती त्याला चिकटलेली प्रचलित समजूत, की पंखावरची आणि पंखाखालची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोहोचते. प्रत्यक्षात वरची हवा आधी पोहोचते. पण लेखकाचा मुद्दा त्याहून वेगळा आहे. ज्या ज्ञानाने हाताला काही कळत नाही, ते ज्ञान शिकाऊ वैमानिकाने आधी घेऊ नये. हवा खाली ढकलायची असेल तर पंख हवेला किती तिरका भिडतो हे महत्त्वाचे, आणि ते तिरकेपण चालकाच्या हातात असते. इथे वाचक ‘अँगल ऑफ अटॅक’पर्यंत येतो, आणि कसलीही व्याख्या पाठ न करता येतो.

हा कोन हेच पुस्तकाचे हृदय. विमानाचे नाक जिकडे रोखलेले असते तिकडेच विमान चाललेले असते असे नाही. नाक क्षितिजाच्या वर असताना विमान खाली येत असू शकते. रोख आणि प्रत्यक्ष मार्ग यांच्यातला फरक डोळ्यांना दिसत नाही, आणि नेमक्या त्या न दिसणाऱ्या फरकावर सारे उड्डाण अवलंबून असते. लहान विमानाच्या पंखाचा हा कोन साधारण १५ ते १८ अंशांपलीकडे गेला की हवेचा प्रवाह पंखाला धरून राहत नाही आणि विमान स्टॉल होते. वेग कमी झाला म्हणून स्टॉल, हे अर्धसत्य आहे. उंची राखून ६० अंशांच्या कलात वळताना पंखावरचा भार दुप्पट होतो आणि स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. हा आकडा परीक्षेत विचारला जातो. त्यामागचे कारण लांगेविशे असे समजावतात की आकडा विसरला तरी कारण विसरत नाही.

गवई जसा वादी स्वराकडे परत परत येतो, तसे ते प्रत्येक प्रकरणात या कोनाकडे येतात. उड्डाण, वळण, घसरण, उतरणे, प्रसंग बदलतात, कोन तोच. एलिव्हेटर, म्हणजे दांड्याने हलणारी शेपटावरची फळी, विमानाला वर नेतो हा समज ते मोडून काढतात. दांडा मागे ओढला की कोन वाढतो, एवढेच खात्रीने म्हणता येते. वर चढणे हे मुख्यतः इंजिनाच्या जोरावर ठरते. म्हणूनच इंजिन बंद पडल्यावर मैदान गाठण्यासाठी नाक वर धरणारा चालक लांब जात नाही, उलट अलीकडेच पडतो. जमीन जवळ येताना दांडा मागे ओढावासा वाटणे ही माणसाची सहज प्रवृत्ती, आणि तीच घातक. सहजप्रवृत्तीशी झुंज हा या पुस्तकाचा खरा विषय आहे.

उतरण्यावरचा भाग मला सर्वांत देखणा वाटतो. समोरच्या काचेतून जमीन पाहा, लेखक सांगतो. काही ठिकाणे काचेत वर सरकतात, त्यांच्यापर्यंत तू पोहोचणार नाहीस. काही खाली सरकून नाकाखाली जातात, त्यांच्यावरून तू पुढे जाशील. या दोहोंच्या मध्ये एक जागा हलत नाही, फक्त मोठी होत जाते. विमान तिथेच चालले आहे. उपकरण नाही, गणित नाही, केवळ पाहण्याची शिस्त. अनुभवी वैमानिक वर्षानुवर्षे जे करत आले पण शब्दांत सांगू शकत नव्हते, ते इथे पहिल्या तासालाही न बसलेल्या मुलीला किंवा मुलाला दिसू लागते. रसिकाला दाद द्यावीशी वाटते ती इथे.

या शिकवणीची किंमत किती, हे १ जून २००९ रोजी अटलांटिकवर दिसले. रिओहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या एअरबसच्या वेगमापक नळ्या बर्फाने बुजल्या आणि ऑटोपायलट सुटला. चालक नाक वर ठेवण्याची आज्ञा देत राहिल्याने विमान सुमारे ३८,००० फुटांवर स्टॉल झाले, आणि खाली पडत असतानाही नाक वर धरण्याचा प्रयत्न बराच काळ चालू राहिला. साडेतीन मिनिटांत ते समुद्रात कोसळले. २२८ माणसे गेली. लेखकाचे पुत्र विल्यम लांगेविशे यांनी पुढे या अपघातावर सविस्तर लेख लिहिला. वडिलांनी १९४४ साली ज्या कोनावर बोट ठेवले होते, तोच कोन त्या रात्रीच्या केंद्रस्थानी होता.

पुस्तकाला मर्यादा आहेत. रडर, म्हणजे शेपटावरचे उभे सुकाणू, पुढेमागे अनावश्यक ठरेल असा लेखकाचा कल आहे. तो काळाला मान्य झाला नाही. उदाहरणे शेपटाखाली चाक असणाऱ्या हलक्या विमानांची आहेत. रेडिओवरचे बोलणे, आजची उपकरणे, आजचे हवाई क्षेत्र यांबद्दल इथे काही मिळणार नाही. एकच मुद्दा अनेकदा घोळवण्याची सवयही आहे, पण शिकणाऱ्याला ती त्रासदायक होत नाही.

पुस्तके निवडताना कोणते ज्ञान जुने होते आणि कोणते होत नाही, हे आधी पाहावे. १९३४ चा एअरक्राफ्ट ॲक्ट जाऊन भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा कायदा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. त्यामुळे एअर रेग्युलेशन्सचे कपाटातले जुने पुस्तक, कितीही नामांकित असो, घेऊ नये. पंख आणि हवा यांचा व्यवहार मात्र ऐंशी वर्षांत बदललेला नाही.

म्हणून वैमानिक होऊ पाहणाऱ्यांना आणि त्यांच्या पालकांना सांगणे असे. प्रवेशाआधीच्या मोकळ्या महिन्यांत ‘स्टिक अँड रडर’ सावकाश वाचा, आणि प्रत्येक प्रकरण घरातल्या कुणाला तरी आपल्या शब्दांत समजावून सांगा. त्यानंतर अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामक संस्थेचे ‘पायलट्स हँडबुक ऑफ एरोनॉटिकल नॉलेज’ घ्या. ते अधिकृतरीत्या मोफत मिळते आणि यंत्रणा, हवामान, नेव्हिगेशन यांची उत्तम ओळख करून देते. मग डीजीसीएच्या विषयांची ताज्या आवृत्तीची पुस्तके, आणि प्रश्नसंच सर्वांत शेवटी. कमर्शियल लायसन्ससाठी किमान २०० तास उडावे लागते आणि त्यातला प्रत्येक तास महाग असतो. पंख समजून घेऊन आलेल्या विद्यार्थ्याचे ते तास सत्कारणी लागतात.