काडेपेटीतले रंग

आपल्याकडे ॲनिमेशनची चर्चा बहुधा तंत्रापाशी थांबते. चित्र किती हुबेहूब, हालचाल किती सफाईदार, एवढेच पाहिले जाते. चित्रशैलीतून भाव कसा उभा राहतो, हा प्रश्न मागे राहतो.

दादासाहेब फाळके यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्या हलवून दाखवल्या. तेव्हा नवल हालचालीचेच होते. गीतांजली राव यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’त (२००६) काड्यांपेक्षा पेटीवरचा छाप महत्त्वाचा ठरतो. एक एकटी वृद्धा, तिची मांजर आणि काडेपेट्यांचा संग्रह एवढाच ऐवज. घर करड्या छटांत रंगवले आहे. ती छापात शिरली की रंग उसळतात. रंग असा राखून वापरल्यामुळे संवादावाचून एकटेपण कळते. किराणा दुकानातले ते छाप बुलढाण्यातल्या प्रेक्षकालाही ओळखीचे. त्यामुळे तिचे स्वप्न परके वाटत नाही.

२०१९ च्या व्हेनिस महोत्सवात समीक्षक सप्ताहाचा आरंभ राव यांच्या ‘बॉम्बे रोझ’ने झाला. सुमारे साठ चित्रकारांनी दीड वर्ष खपून तो संगणकावर फ्रेममागून फ्रेम हाताने रंगवला. साधन डिजिटल असले, तरी कुंचल्याचा पोत राखलेला आहे. इथे शैली बदलते ती पाहणाऱ्यानुसार. बालविवाह टाळून मुंबईत आलेली, फुले विकणारी कमला स्वप्नात रमते, तेव्हा पडदा मोगल लघुचित्रासारखा होतो. वृद्ध शर्ली डिसूझा चालू लागते, तेव्हा आजच्या रस्त्याचा रंग ओसरून जुनी कृष्णधवल मुंबई दिसते. फूल विकणाऱ्या मुलीला दरबारी चित्रशैली बहाल करणे, यात मला कलात्मक निवडीइतकीच सामाजिक भूमिका दिसते. स्वप्नावरचा तिचा हक्क चित्रकर्ती मान्य करते.

तरीही एक आक्षेप उरतो. ‘प्रिंटेड रेनबो’त घर फिके होते, म्हणून छाप उजळले. ‘बॉम्बे रोझ’मध्ये रस्ताही स्वप्नाइतकाच देखणा आहे. दोहोंतले अंतर कमी होते आणि गरिबीची धार बोथट होते. रंगसमृद्धी हा गुण खरा, पण भाव विरोधातून गडद होतो. त्या कसोटीवर, साधनांची चैन नसलेला छोटा चित्रपटच मला अधिक खोल वाटतो.

हातातल्या संगणकात आज लाखो रंग आहेत. त्यांतला कोणता, कुठवर थोपवून धरायचा, याचा निर्णय मात्र चित्रकारालाच घ्यावा लागतो.