संघाचा नवा गुरु आणि त्याचे टीकाकार

काव्य, नाटक व कादंबरी यांवरील टीका मासिकांतून छापून येते, म्हणून तीच काय ती टीका, असा आपल्या सुशिक्षित वर्गाचा समज आहे. वास्तविक पाहतां आपल्या समाजांत जी टीका सर्वांत अधिक आवेशानें, सर्वांत अधिक माणसांकडून व सर्वांत कमी पुराव्यावर केली जाते, ती क्रिकेटची होय. तिचे ग्रंथ नाहींत, पण संप्रदाय आहेत. आणि स्तुति, निंदा व भविष्यकथन हीं तिचीं तीन अंगें इतकीं ठरलेलीं आहेत कीं, एखाद्या अलंकारशास्त्र्यानें त्यांचीं लक्षणें सहज बांधून द्यावींत. या टीकेला विशेष भर येतो तो संघावर नवा प्रशिक्षक नेमला जातो तेव्हां. त्या माणसानें अद्याप कांहींच केलेलें नसतें. म्हणूनच त्याच्याविषयीं सर्व कांहीं बोलतां येतें. विदर्भाच्या संघाच्या निमित्तानें गेल्या कांहीं वर्षांत आमच्या कानांवर जी अशी टीका आली, तिचें परीक्षण करण्याचें येथें योजिलें आहे.

आमचें तळेगांव (श्यामजी पंत) हें वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांतील गांव नागपूर-अमरावती हमरस्त्यावर आहे. दोन्हीकडच्या मोटारी येथें थांबतात, आणि चहाच्या टपरीवर नागपूरचें मत व अमरावतीचें मत यांची गांठ पडते. अशा ठिकाणीं जें ऐकूं येतें तें सर्व विदर्भाचें मत असें आम्ही म्हणणार नाहीं. पण तें केवळ एका गांवाचेंही मत नव्हे. शिवाय या विषयाला आमच्याकडे खेळापलीकडचा एक अर्थ आहे. नागपूरचें राजधानीपण १९५६ मध्यें गेलें; १९५३ च्या नागपूर कराराचें काय झालें, हा वाद घरोघरीं अजून चालतो; स्वतंत्र विदर्भाची मागणी सभांतून उठते व सभांतच बसते. परंतु क्रिकेटच्या धावफलकावर विदर्भ हा १९५७-५८ पासून स्वतंत्रच आहे. एकाच महाराष्ट्र राज्यांतून मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन संघ रणजी करंडकासाठीं खेळतात. ज्यांना राज्य मिळालें नाहीं त्यांना संघ मिळालेला आहे, आणि म्हणून त्या संघाचा गुरु कोण, हा प्रश्न आम्हांला केवळ करमणुकीचा वाटत नाहीं.

या संघाचीं पहिलीं साठ वर्षें रित्या हातानेंच गेलीं. विदर्भाशीं सामना म्हणजे हक्काचे गुण, अशी मोठ्या संघांची समजूत होती, आणि ती अगदींच निराधार होती असेंही म्हणवत नाहीं. अशा स्थितींत २०१७ सालीं चंद्रकांत पंडित यांची प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली. हे गृहस्थ मुंबईचे; भारतातर्फे ५ कसोटी सामने खेळलेले यष्टिरक्षक; शिस्तीच्या बाबतींत कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांच्या हाताखालीं मुंबईनें २००२-०३, २००३-०४ व २०१५-१६ असे तीन वेळां रणजी करंडक जिंकला होता. पुढच्याच वर्षीं अंतिम सामन्यांत मुंबई गुजरातकडून हरली, आणि मुंबईनें दुसरा प्रशिक्षक नेमला. म्हणजे विदर्भानें ज्यांना बोलावलें, त्यांना त्यांच्या घरानें नुकताच निरोप दिलेला होता.

या नेमणुकीवर आमच्या भागांत तीन प्रकारचे अभिप्राय ऐकूं आले. पहिला भाविकांचा : "मुंबईचा मास्तर आनला, आतां पाहा कशी जिंकते आपली टीम!" दुसरा मानी लोकांचा : "आपल्याइथं कोनी मानूस नव्हता का?" तिसरा विरक्तांचा : "कोनीबी आना, काई फरक नाई पडत बाप्पा." तिन्ही अभिप्राय आम्हीं त्यांच्या बोलींतच दिले आहेत, कारण शुद्ध भाषेंत मांडले कीं ते उगीच विचारपूर्वक बनविल्यासारखे भासतात.

या तिन्ही मतांत एक गोष्ट समान आहे. प्रशिक्षक प्रत्यक्षांत काय करतो, याचा विचार त्यांपैकीं एकांतही नाहीं. भाविकाला तो अवतार वाटतो, मान्याला तो अपमान वाटतो, आणि विरक्ताला तो खर्चाची एक बाब वाटते. आमच्या संगीत रंगभूमीला हा प्रश्न फार पूर्वीं पडला होता. नाटक मंडळ्यांत तालीममास्तर असे. गोविंद बल्लाळ देवल यांच्यासारखा नाटककार स्वतः तालमी घेई. प्रयोगाच्या रात्रीं तो प्रेक्षकांना दिसत नसे, टाळी नटाला पडे. पण वाक्य कोठें तोडावें, पाऊल कोठें थांबावें, हें ज्यानें बसविलें तो पडद्यामागें उभा असे. क्रिकेटच्या प्रशिक्षकाचें कामही याच जातीचें आहे. एकही धांव त्याच्या नांवावर लागत नाहीं. सराव किती वाजतां सुरू व्हावा, झेल सुटलेल्या गड्याला काय सांगावें, नवख्याला कोणत्या सामन्यांत उतरवावें, नामांकित खेळाडूला केव्हां बसवावें, असल्या बारीकसारीक निर्णयांत त्याचें कर्तृत्व विखुरलेलें असतें. तें पाहण्यास सवड व चिकाटी लागते, आणि नेमणुकीच्या दिवशीं मत देणाऱ्याजवळ या दोन्ही गोष्टी नसतात.

पुढें जें घडलें तें सर्वांना ठाऊक आहे; तरी क्रमानें सांगणें जरूर आहे. डिसेंबर २०१७ मध्यें कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यांत विदर्भानें कर्नाटकाला अवघ्या ५ धांवांनीं हरविलें. रजनीश गुरबाणी यानें दुसऱ्या डावांत ६८ धांवांत ७ गडी बाद केले. इंदूर येथील अंतिम सामन्यांत त्याच गुरबाणीनें दिल्लीविरुद्ध लागोपाठ तीन बळी घेतले; रणजीच्या अंतिम सामन्यांतील हा दुसराच असा पराक्रम. अक्षय वाडकरनें १३३ धांवा केल्या, विदर्भाचा डाव ५४७ पर्यंत गेला, आणि १ जानेवारी २०१८ रोजीं विदर्भानें ९ गडी राखून पहिला करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षीं नागपूरजवळील जामठ्याच्या मैदानावर सौराष्ट्राला ७८ धांवांनीं हरवून तो राखलाही. त्या सामन्यांत आदित्य सरवटेनें ११ बळी घेतले.

आतां टीकाकारांचें काय झालें तें पाहावें. भाविक म्हणाले, आम्हीं सांगितलेंच होतें. मानी लोक म्हणाले, मुलें तर आपलींच होतीं. विरक्त पहिल्यांदाच करंडकाची मिरवणूक पाहावयास गेले. मत बदललें याबद्दल आमची तक्रार नाहीं. नवा पुरावा पुढें आला असतां मत बदलावें, हा शहाणपणाच होय. आमची तक्रार अशी कीं, पुराव्याची तपासणी कोणींच केली नाहीं. कर्णधार फैज फजलनें त्या पहिल्या विजयाच्या हंगामांत ९१२ धांवा केल्या, त्या कोणाच्या? मुंबईहून आलेला वसीम जाफर पंडितांच्या आधींच विदर्भाकडे आला होता, आणि २०१८-१९ च्या हंगामांत त्यानें चाळिशी ओलांडून १०३७ धांवा काढल्या, याचें श्रेय कोणाचें? सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना वर्षानुवर्षें तयार करणाऱ्या, वृत्तपत्रांत नांव न येणाऱ्या शिक्षकांचा वांटा किती? फळ गोड निघालें म्हणून शेवटीं ज्यानें पाणी घातलें त्यालाच सर्व झाड बहाल करावें, असें संत्र्याच्या बागा राखणारा आमच्या तालुक्यांतील शेतकरी कधींही म्हणणार नाहीं. बाग पहिल्या बहरावर येण्यास वर्षें लागतात, हें त्याला कळतें. क्रिकेटच्या गप्पांत मात्र तोच शेतकरी तें विसरतो.

याउलट, गुरूचा वांटा नाहींच, असेंही म्हणतां येत नाहीं. पंडित २०२० मध्यें मध्य प्रदेशाकडे गेले. १९९८-९९ मध्यें त्याच संघाचे कर्णधार असतांना बंगळूरच्या मैदानावर अंतिम सामन्यांत त्यांना हार पत्करावी लागली होती. जून २०२२ मध्यें त्याच मैदानावर त्यांच्या हाताखालच्या मध्य प्रदेशानें मुंबईला हरवून पहिला रणजी करंडक मिळविला. दोन वेगळ्या संघांना त्यांचें पहिलें यश एकाच माणसाच्या कारकीर्दींत मिळावें, याला केवळ योगायोग म्हणणें हट्टाचें होईल. परंतु लगेच दुसरी बाजूही पाहावी. हेच पंडित पुढें कलकत्ता नाइट रायडर्सचे प्रशिक्षक झाले. २०२४ मध्यें त्या संघानें आय. पी. एल. जिंकली, तेव्हां लोकांच्या तोंडीं नांव होतें तें बहुतांशीं संघाचे सल्लागार गौतम गंभीर यांचें. २०२५ मध्यें संघ आठव्या स्थानावर घसरला व पंडितांचा त्याच्याशीं संबंध सुटला. आणि ज्या गंभीरांना २०२४ च्या उन्हाळ्यांत डोक्यावर घेऊन भारताच्या संघावर बसविलें, त्यांना त्याच वर्षीं न्यूझीलंडकडून मायदेशीं ०-३ अशी हार होतांच खालीं उतरविण्यास लोक सिद्ध झाले. मार्च २०२५ मध्यें चॅम्पियन्स करंडक मिळतांच पुन्हां सूर फिरला. माणूस तोच, बदलला तो केवळ शेवटच्या सामन्याचा निकाल.

हा दोष केवळ आपल्याच लोकांचा, असें मात्र कोणीं समजूं नये. अमेरिकेंत बेसबॉल नांवाचा खेळ आहे; त्यांत संघाच्या व्यवस्थापकाला आपल्या प्रशिक्षकाहूनही अधिक अधिकार असतो. न्यूयॉर्कच्या यांकीज या बलाढ्य संघानें १९४८ च्या अखेरीस केसी स्टेंगल यांस नेमलें, तेव्हां हा विदूषक येथें कशाला, असा सूर अनेकांनीं काढला. कारण पूर्वींच्या संघांबरोबर त्यांना यश आलें नव्हतें व त्यांचा विनोदी स्वभाव मात्र सर्वांना ठाऊक होता. त्याच स्टेंगलच्या हाताखालीं यांकीजनीं १९४९ पासून १९५३ पर्यंत ओळीनें पांच वेळां अजिंक्यपद मिळविलें. दूरच्या देशांतील हें उदाहरण आम्ही इतक्यासाठींच देतों कीं, नेमणुकीच्या दिवसाचा निकाल किती कच्चा असतो, हें परक्याच्या घरांत अधिक स्वच्छ दिसतें.

पण आमच्या मुख्य मुद्द्याकडे आतां वळावयास हवें. पुढें विदर्भाच्या प्रशिक्षकपदीं उस्मान गनी आले. हे विदर्भाचेच जुने खेळाडू. त्यांच्या हाताखालीं मार्च २०२४ मध्यें संघ अंतिम सामन्यांत मुंबईकडून १६९ धांवांनीं हरला. पण २०२४-२५ मध्यें त्यानें केरळाविरुद्धच्या अनिर्णित सामन्यांत पहिल्या डावाच्या ३७ धांवांच्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक जिंकला. हर्ष दुबे या तरुणानें त्या हंगामांत ६९ बळी घेऊन रणजीचा नवा उच्चांक केला. यश राठोडनें ९६० धांवा काढल्या. अंतिम सामन्यांत दानिश मालेवारनें १५३ धांवांची खेळी केली. आणि कर्णधार होता तोच वाडकर, ज्यानें सात वर्षांपूर्वीं इंदूरला शतक झळकाविलें होतें. करुण नायर हा कर्नाटकचा फलंदाज बाहेरून आलेला होता, हें खरें. पण एकंदरींत हें यश घरचें होतें.

या घरच्या गुरूच्या नेमणुकीवर आमच्या टपरीवर काय चर्चा झाली? जवळजवळ कांहींच नाहीं. "आपल्याइथं कोनी नव्हता का?" असें २०१७ मध्यें विचारणाऱ्यांनीं, आपल्याकडचाच माणूस आला तेव्हां त्याचें नांवही विचारलें नाहीं. ही गोष्ट आम्हांला साऱ्या निंदास्तुतीपेक्षां अधिक बोलकी वाटते. परक्या गुरूचें स्वागत वाजतगाजत होतें आणि त्याचा विरोधही वाजतगाजतच होतो. आपल्या माणसाच्या वांट्याला मात्र मौन येतें. भाविक व मानी हे वरवर एकमेकांचे शत्रु दिसतात. पण महत्त्वाची गोष्ट बाहेरूनच यावयाची, याविषयीं दोघांचा विश्वास सारखाच आहे.

याचा अर्थ बाहेरचा गुरु नको, असा कोणीं करूं नये. अब्दुल करीम खां उत्तरेंतून येऊन मिरजेस राहिले, अल्लादिया खां कोल्हापुरास राहिले. त्यांना परके म्हणून आपण दार लावलें असतें, तर आजचें महाराष्ट्राचें गाणें कोणत्या दशेंत असतें, याची कल्पनाही करवत नाहीं. पण त्या उस्तादांचें खरें ऋण तें, जें पुढें सवाई गंधर्वांसारख्या इथल्या शिष्यांच्या गळ्यांतून उमटलें. बाहेरून आलेल्या विद्येची कसोटी हीच कीं, ती घरांत रुजली कीं नाहीं. पंडितांच्या हाताखालीं खेळलेला वाडकर पुढें स्वतः कर्णधार होऊन करंडक उचलतो, आणि प्रशिक्षक असतो तो विदर्भाचाच माणूस, यांत ती रुजल्याचा पुरावा आहे. तो ओळखण्याची दृष्टि मात्र टीकाकारांपाशीं हवी.

ही दृष्टि नसल्यानें नुकसान कोणाचें होतें? प्रशिक्षकांचें होत नाहीं; ते दुसरा संघ गांठतात. नुकसान होतें तें आष्टी-आर्वीकडच्या त्या मुलांचें, जीं कापणी झालेल्या वावरांत चेंडूफळी खेळतात व वडील माणसांचें बोलणें कान देऊन ऐकतात. मोठें व्हावयाचें तर पुण्या-मुंबईच्या कोणीतरी आपल्या पाठीवर हात ठेवला पाहिजे, हा धडा त्यांना आमच्या गप्पांतून मिळतो. खेळापुरताच मिळाला असता तर एक वेळ चाललें असतें; पण हाच धडा घेऊन तीं पुढें महाविद्यालयांत येतात, आणि आपल्या गांवच्या शिक्षकाचें म्हणणें दुसरीकडच्या कोणीं दुजोरा दिल्यावांचून खरें मानावयास कचरतात. तीस वर्षें वर्गांत उभे राहून आम्ही हें पाहत आलों आहों.

म्हणून पुढच्या वेळीं संघाला नवा गुरु मिळेल, तेव्हां आमच्या रसिकांनीं तो कोठला, हा प्रश्न अवश्य विचारावा. पण तेथेंच थांबूं नये. त्याच्या पहिल्या हंगामांत किती नव्या मुलांना संधि मिळाली, पराभवानंतरच्या सामन्यांत संघ कसा उभा राहिला, आणि तो निघून गेल्यावर मागें काय उरलें, हे तीन प्रश्नही विचारावे. त्यांचीं उत्तरें मिळण्यास दोन-तीन वर्षें लागतील. तोंपर्यंत चहा घ्यावा, सामना पाहावा व वादही करावा. निकाल तेवढा राखून ठेवावा.