जुना नाद, नवी पेटी

वृंदगानात दोन कंठ कधीच तंतोतंत जुळत नाहीत. त्या सूक्ष्म तफावतीतूनच त्याला भरीवपणा येतो. एकट्या गिटारला हे वैभव देणारे उपकरण म्हणजे ‘कोरस’. मूळ स्वरासोबत त्याचीच प्रत काही मिलिसेकंद उशिरा सोडायची व तो विलंब सतत कमीअधिक करायचा, एवढीच यातील युक्ती. विलंब बदलला की प्रतीचा स्वर किंचित चढतो, उतरतो.

रोलँडच्या ‘जॅझ कोरस’ ॲम्प्लिफायरमधील ही योजना १९७६ साली ‘बॉस सीई-१’ या पायाने चालवायच्या पेटीत आली. १९७९ साली आटोपशीर ‘सीई-२’ निघाली. २०१६ची ‘सीई-२डब्ल्यू’ दोहोंचे नाद एकत्र देऊ पाहते, आणि तेही अंकीय नक्कल न करता, जुन्याच ॲनालॉग पद्धतीने.

वाजवून पाहता सीई-२चा नाद मऊ, उबदार वाटतो; सीई-१चा अधिक गडद व डोलणारा. मात्र एकाच ॲम्प्लिफायरवर दोन्ही नाद पेटीतच मिसळून येतात व काहीसे सपाट भासतात. ‘जॅझ कोरस’मध्ये एका कर्ण्यातून शुद्ध स्वर व दुसऱ्यातून हेलकावणारा स्वर येई, त्यांचे मीलन खोलीतील हवेत होई. ही पेटीही दोन ॲम्प्लिफायरना जोडली की एकदम जिवंत होते.

तेव्हा जुन्या नादाचे मोठेपण केवळ जुन्या मंडलात नव्हते, दोन आवाजांमधील अंतरातही होते. पेटी मंडलाशी इमान राखते. ते अंतर मात्र वादकानेच राखायचे आहे. ते न राखता जुना नाद विकत घेऊ पाहणाऱ्याच्या हाती केवळ त्याची आठवण लागेल.