वाटेतलं हवामान आणि वाटेला लावणारं हवामान

जर्नलमधला पेपर ज्या कसोशीने वाचता, त्याच कसोशीने बातमीही वाचा, असं मी रिसर्चची तयारी करणाऱ्यांना नेहमी सांगत असते. आज त्यासाठी आपल्या नाशिकचंच उदाहरण घेऊ. ६ मार्च २०१८ रोजी अखिल भारतीय किसान सभेचा लाँग मार्च नाशिकच्या सीबीएस चौकातून निघाला आणि १२ मार्चला मुंबईच्या आझाद मैदानात पोचला. अंतर सुमारे १८० किलोमीटर, बहुतेक सगळं महामार्गाच्या डांबरावरून. या मार्चबद्दल भरपूर लिहिलं गेलं, भरपूर फोटो निघाले. ते सगळं लिखाण आज फक्त एका प्रश्नापुरतं तपासू या: त्यात हवामान कुठे आणि कसं आलं?

आलं ते ऊन म्हणून, आणि तेही पायांमधून. फोड आलेले, सोललेले तळवे, तुटक्या चपला, अनवाणी म्हाताऱ्या बायका. या फोटोंचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. ते बघून मुंबईकर पाणी, जेवण, चपला घेऊन रस्त्यावर आले. पण ज्याने मन हललं, त्याने गोष्ट समजलीच असं होत नाही. तिथे चार ठिकाणी अडायला होतं.

पहिली अडचण मोजमापाची. बातमीत तापमान येतं ते हवामान केंद्रातलं. तिथला थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर असतो. चालणाऱ्याचा तळवा असतो डांबरावर, आणि भर दुपारी डांबराचा पृष्ठभाग हवेपेक्षा सहज १५-२० अंशांनी जास्त तापलेला असू शकतो. त्यात घामाने भिजलेल्या कातडीचं घर्षण वाढतं, कातडीचे थर एकमेकांवर सरकतात आणि फोड येतो. पुढे आणखी एक बदल होतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर, मार्चमधली इथली हवा कोरडी. कसारा घाट उतरून शहापूरच्या बाजूला गेलं की हवेत दमटपणा वाढतो, घाम लवकर सुकत नाही आणि शरीर थंड व्हायला वेळ लागतो. थर्मामीटरवरचा आकडा तोच राहिला तरी अंगाला होणारा त्रास तोच राहत नाही. म्हणून उष्णतेचा अभ्यास करणारे नुसतं तापमान घेत नाहीत. आर्द्रता, वारा आणि थेट ऊनही हिशेबात धरतात. ‘रणरणत्या उन्हात’ हे शब्द सहाही दिवसांना सारखेच चिकटवले की घाटाच्या वरचं आणि खालचं ऊन एकच होऊन जातं.

दुसरी अडचण सॅम्पलची. सगळ्यात गाजलेले फोटो शेवटच्या टप्प्यातले, मुंबईतले. म्हणजे त्यात दिसतात ते पोचलेले लोक. कोणत्याही लांबच्या पायी प्रवासात काही जण वाटेत थांबतात, आजारी पडतात, गाडीत बसतात, परत फिरतात. ते शेवटच्या फोटोत नसतात. मग पोचलेल्यांकडे बघून आपण ‘यांची जिद्दच अशी’ म्हणून मोकळे होतो. ज्यांना उन्हाने खरंच हरवलं, त्यांची नोंद घ्यायची तर पाचव्या-सहाव्या दिवशीच्या मैदानात जाऊन उपयोग नाही. रोजच्या मुक्कामावर, सोबतच्या डॉक्टरांच्या वहीत शोधावं लागेल. तुमच्या प्रश्नावलीलाही हेच लागू आहे. शेवटपर्यंत टिकलेल्यांनाच ती दिलीत, तर उत्तरं टिकलेल्यांचीच येणार.

तिसरी अडचण कारणाची, आणि इथे माझ्यासारखीने जास्त जपायला हवं. शेवटचा टप्पा मोर्चेकऱ्यांनी रात्री चालून काढला. सायनजवळच्या सोमय्या मैदानावरून ते रातोरात आझाद मैदानात गेले. उन्हावर लिहिणाऱ्याला मोह होणारच: बघा, ऊन टाळायला रात्री चालले! पण सांगितलेलं कारण वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता आणि मुलांना ट्रॅफिकचा त्रास होऊ नये म्हणून ते रात्री निघाले. रात्री चालल्याने ऊन टळलं, हा परिणाम झाला. परिणाम दिसला की त्यालाच हेतू समजायचं, ही चूक थिसीसमध्ये फार सहज घुसते, कारण ती आपल्या मुद्द्याला सोयीची असते.

चौथी अडचण मला सगळ्यात मोठी वाटते: वाईट हवामान म्हणायचं कुणाच्या बाजूने? त्यासाठी क्षणभर वारीकडे बघू. संत निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघते आणि सिन्नर, राहुरी, नगर, जेऊर करत पंढरपूरला जाते. सह्याद्रीच्या धो-धो पावसाच्या टोकाकडून ती पर्जन्यछायेत उतरते. वाटेत सर आली की ‘वारकऱ्यांची तारांबळ’ असा मथळा येतो. पण त्यातल्या शेतकऱ्याच्या हिशेबात ती सर म्हणजे मागे राहिलेल्या वावराची चांगली बातमी असू शकते. भिजलेली पथारी एका रात्रीचं दुखणं. पाऊसच आला नाही आणि पेरणी रखडली, तर वर्षाचं. चालणाऱ्याच्या अंगावरचं हवामान आणि त्याच्या शेतावरचं हवामान ही दोन वेगळी व्हेरिएबल्स आहेत, आणि कधी कधी ती एकमेकांच्या उलट जातात.

आता परत लाँग मार्चकडे या आणि फोटो बाजूला ठेवून मागण्या वाचा. कर्जमाफी होती, वनहक्क होते. गारपिटीने आणि बोंडअळीने झालेल्या नुकसानीची भरपाई होती. महिनाभर आधीच, फेब्रुवारीच्या मध्यात, मराठवाडा-विदर्भात गारपिटीने उभी पिकं झोपवली होती. म्हणजे हवामान मागणीपत्रात लिहिलेलंच होतं. आपण मात्र ते तळव्यांवर शोधत बसलो.

वनहक्काचा धागाही इथेच येऊन मिळतो. मोर्च्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण या भागांतले आदिवासी मोठ्या संख्येने होते. सुरगाणा-पेठला पावसाळ्यात पाऊस उदंड आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, हक्क मागता येतो. पण दावा लटकलेला असेल आणि सातबाऱ्यावर नाव नसेल, तर पीककर्ज, विमा, नुकसानभरपाई या सगळ्याच दारांवर माणूस अडतो. अवकाळी पावसात त्याचंही पीक जातं, पण पंचनाम्यात ते गेल्याची नोंद होणं कठीण. सरकारी आकडेवारीत ते नुकसान बऱ्याचदा घडलेलंच नसतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा मिसिंग डेटा आहे, आणि तो योगायोगाने मिसिंग झालेला नाही. ज्यांच्याकडे कागद नाही, नेमके तेच गळतात.

म्हणून माझा आक्षेप असा: या मार्चचं वर्णन करणाऱ्यांनी वाटेतलं हवामान टिपलं, पण वाटेला लावणारं हवामान हातचं सोडलं. पहिलं सहा दिवसांचं होतं, मलमाने भरून येणारं होतं. दुसरं कित्येक हंगामांचं होतं. पहिल्यावर सगळा कॅमेरा राहिला, तेव्हा वाचणाऱ्याच्या मनात कणव जागी झाली, आणि चपलांचा जोड दिला की ती फेडल्यासारखीही वाटली. सातबाऱ्यावर नाव लागण्याचा प्रश्न चपलेने फिटत नाही.

तुम्ही उद्या स्थलांतरावर, शेतीवर, आरोग्यावर काम कराल. मुलाखतीत कुणी ‘वाटेत फार हाल झाले’ म्हणालं, तर ते जरूर लिहून घ्या. पण वही लगेच मिटू नका. ‘निघायच्या आधीच्या हंगामात काय झालं होतं?’ हेही विचारा, आणि त्या उत्तरासाठी पानावर जास्त जागा सोडा.