‘रेपुतासिओन’ आणि काल्देरॉनचे ‘ब्रेडाचा वेढा’

काल्देरॉनच्या ‘ब्रेडाचा वेढा’ या नाटकाची दरबारी स्तुतिपाठ म्हणून बोळवण करणे सोपे आहे, आणि तसे करणे अगदीच निराधार नाही. स्पॅनिश सैन्याची त्यातील वर्णने कंटाळा यावा इतकी लांबली आहेत. तथापि एवढ्यावरून निकाल दिला, तर सतराव्या शतकातील राजनीतीचा जो गाभा येथे उघडा पडतो, तो हातचा निसटतो.

त्या काळच्या माद्रिदमध्ये ‘रेपुतासिओन’ हा राज्यकारभाराच्या परिभाषेतला शब्द होता. मराठीत त्याला ‘कीर्ती’ म्हणावे, तर तीत काव्याचा गंध येतो. ‘अब्रू’ म्हणावे, तर घराचा उंबरठा आठवतो, आणि तो अर्थ स्पॅनिशात ‘ओनरा’कडे जातो. ‘पत’ हा सावकारी शब्दच अधिक जवळचा. एक ठाणे सुटले की शत्रू दुसऱ्यावर हात टाकील आणि मित्र दुरावतील, असा तो रोकडा हिशेब होता. डचांशी १६०९ मध्ये झालेली बारा वर्षांची युद्धतहकुबी स्पेनच्या नावाला बट्टा लावणारी ठरली, हे मत दरबारात प्रबळ होते. १६२१ मध्ये तिची मुदत संपताच युद्ध पुन्हा पेटले. चौथा फिलिप व त्याचा मंत्री ओलिवारेस यांनी ते नेटाने चालविले. १६२५ च्या जूनमध्ये, सुमारे नऊ महिन्यांच्या वेढ्यानंतर, ब्रेडा पडले. १६२७ मध्ये राजाला सावकारांची देणी थांबवावी लागली. एक पत राखताना दुसरी गेली.

नाटकाचे मर्म शेवटी आहे. शहराच्या किल्ल्या स्वीकारताना स्पिनोला पराभूत युस्टिनच्या शौर्याचा गौरव करतो. हे निव्वळ औदार्य नव्हे. दुबळ्यावरील विजयाने नाव वाढत नाही. शत्रूला मोठे करणे ही विजेत्याचीच गरज असते. काल्देरॉनला हे ठाऊक आहे, आणि तरीही ते सौजन्य खोटे वाटत नाही, हे त्याचे यश. वेलास्केसच्या सुमारे १६३५ च्या चित्रात स्पिनोलाचा हात युस्टिनच्या खांद्यावर आहे. त्यामागे या प्रसंगाचे स्मरण असावे. १६३७ मध्ये डचांनी ब्रेडा परत घेतले. चित्र राजवाड्याच्या दालनात होते तेथेच राहिले.

स्पिनोला स्वतः १६३० मध्ये कासालेच्या वेढ्यात मरण पावला; तहाचे अधिकार माद्रिदने त्यापूर्वीच त्याच्याकडून काढून घेतले होते. सेनापतीची प्रतिष्ठा आणि राजाची प्रतिष्ठा ही एकच, असे काल्देरॉन धरून चालतो. नाटकाचा खरा दोष त्यातील स्तुतीत नसून या गृहीतात आहे.